उंबरठ्याबाहेरचे पायताण

कृष्णाकाठी भिलवडीजवळ औदुंबर म्हणून जे दत्तक्षेत्र आहे, तेथे ज्या विमल पादुकांपुढे भक्त मस्तक नमवितो, त्यांच्या दर्शनास जाण्यापूर्वी त्याला स्वतःच्या पायांतील वहाणा मात्र बाहेर ठेवाव्या लागतात. आणि तेथून फार दूर नसलेल्या कुंडल गावच्या डोंगरांवर झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ ही जी जैनांची पुरातन स्थाने आहेत, त्यांच्या गाभाऱ्यातही चामड्याला मज्जाव आहे. चरणचिन्हाची पूजा करावयाची, पण चरणाचे रक्षण करणाऱ्या वस्तूला उंबरठ्याच्या आत येऊ द्यावयाचे नाही, आणि ती वस्तू घडविणाऱ्या माणसाला तर त्या उंबरठ्याच्या जवळपासही फिरकू द्यावयाचे नाही, अशी ही व्यवस्था या मुलखात शतकानुशतके चालत आली. तेव्हा सपाट तळाच्या, मागून मोकळ्या आणि हाताचा स्पर्श न होता पायातून सुटणाऱ्या आपल्या पायताणाचा इतिहास सांगावयाचा झाला, तर ते कसे घडविले जाई याच्याइतकेच ते कोणी, कोठे आणि कोणासमोर काढावे लागे, हेही सांगणे प्राप्त होते.

पादत्राणाला उंच टाच असावी ही कल्पना मुळात घोडेस्वाराची. इराणातील स्वार रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून टाचेचे जोडे वापरीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती तऱ्हा युरोपात पोहोचली आणि चौदाव्या लुईच्या दरबारात तर लाल रंगाच्या टाचा हे सरदारकीचे लक्षणच होऊन बसले. पॅरिसच्या रंगभूमीवर अठराव्या शतकात मारी कामार्गो या नर्तकीने चपळ पदन्यासासाठी आपल्या जोड्यांच्या टाचा काढून टाकल्या असे म्हणतात, आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सरदारी मिरविण्याचीच सोय न उरल्यामुळे सपाट तळाचे नाजूक जोडे सर्वसामान्यांच्या पायांत आले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत १९४३ साली पादत्राणांवर शिधापद्धती लागू झाली, तेव्हा नर्तकींच्या मऊ सपाता तीतून वगळलेल्या असल्यामुळे क्लेअर मॅकार्डेल या वेशकर्तीने न्यूयॉर्कच्या कापेझिओ पेढीकडून त्यांना जाड तळ लावून घेतलेले जोडे तेथील स्त्रिया रस्त्यावरही घालू लागल्या. आणि १९५६ मध्ये ब्रिजित बार्दोच्या सांगण्यावरून पॅरिसच्या रेपेतो पेढीने तसाच जोडा बनविल्यावर त्याला जी कीर्ती मिळाली, ती अद्याप ओसरलेली नाही. म्हणजे पाश्चात्यांच्या इतिहासात सपाट तळ हा टाचेचा त्याग करून मिळविलेला आहे. आपल्याकडे त्याग करण्याजोगी टाच रुजलीच नव्हती. कुंडलच्या डोंगराकडील मुरमाड, खडकाळ वाट आणि नदीकडील काळी, पावसात पाय धरून ठेवणारी जमीन या दोहोंवर चालणाऱ्या माणसाला उंच टाच ही अडचणच झाली असती. त्याला हवा होता काट्याला न जुमानणारा जाड तळ, आणि चिखल लागताच काढून हातात घेता येईल असा सुटसुटीत घाट.

हा घाट सिद्ध होण्याची क्रिया दीर्घ आहे, आणि ती जितक्या तपशिलाने सांगावी तितकी थोडीच. मेलेल्या जनावराचे कातडे प्रथम चुन्याच्या पाण्यात भिजत घालावयाचे, केस सुटू लागले म्हणजे ते आणि आतल्या बाजूचे मांस खरवडून काढावयाचे, मग चुना निघून जाईपर्यंत पुनःपुन्हा धुवावयाचे. इतके झाल्यावर त्या कातड्याच्या कडा शिवून त्याची पखालीसारखी पिशवी करावयाची, तीत बाभळीची साल आणि हिरडा यांचा काढा भरून ती उंचावर टांगून ठेवावयाची, आणि तिच्यातून झिरपून खाली भांड्यात जमणारे पाणी पुन्हा तिच्यातच ओतीत राहावयाचे, ही दिवसामागून दिवस चालणारी कमाई म्हणजे ढोर समाजाची पिढीजात विद्या होय. सालीतील तुरट द्रव्य कातड्याच्या कणाकणांत मुरले म्हणजे ते कुजत नाही आणि त्याला जो तांबूस, मधासारखा वर्ण येतो, तोच पुढे वहाणेचा वर्ण होतो. वरून रंग चढविण्याचे कारण पडत नाही. मद्रास इलाख्यात विसाव्या शतकाच्या आरंभी क्रोमच्या क्षारांनी कातडे अल्पकाळात कमाविण्याची पद्धत आली आणि पुढे सर्व देशभर पसरली, तरी तिचे मऊ, पातळ चामडे बुटाच्या वरच्या भागाला चांगले; पायताणाच्या तळाला बाभळीचा काढा प्यालेले टणक कातडेच लागते, असे जुने कारागीर सांगत आले आहेत आणि ते सर्वस्वी यथार्थ आहे.

कमाविलेले कातडे ढोराच्या हातून चांभाराच्या हाती येई. रापीने तळ कापावयाचे, ते पाण्यात भिजवून दगडावर ठोकून घट्ट करावयाचे, वरचा आणि खालचा असे दोन तळ एकावर एक ठेवून त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंचे कान बसवावयाचे, मागे टाचेखाली चामड्याच्या तुकड्यांचा थर द्यावयाचा, आणि आरीने भोके पाडून चामड्याच्याच वादीने सर्व शिवून काढावयाचे. यात खिळा नाही, लोखंड नाही. त्यानंतर दोन कानांना सांधणारा पट्टा, अंगठ्याची अंगठी, पट्ट्यावरील बारीक वेणी आणि हौसेचा असेल तर गोंडा. वेणीचे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे असे व आजही असते, परंतु कारागीर म्हणून नाव सांगितले जाते ते पुरुषाचे, हे या धंद्यातही इतर धंद्यांप्रमाणेच आहे. कागल भागातील कापशीच्या नावाने ओळखली जाणारी वजनदार कापशी, रोजच्या राबत्याचे पायताण, तळाच्या थरांत मुद्दाम बी घालून चालताना करकर वाजेल अशी केलेली ऐटबाज वहाण, असे तिचे अनेक प्रकार. करकरणारी वहाण घालून चावडीवर जाणारा मनुष्य आपण येत आहोत याची वर्दी स्वतःच देत असे. आणि ही वर्दी देण्याचा अधिकार गावात सर्वांना सारखा नव्हता.

येथे गावगाड्याचा प्रश्न येतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे विवेचन केले आहे, त्यात चांभार हा बलुतेदार म्हणून येतो, आणि त्याच्याकडील कामांत जोड्यापेक्षा शेतीच्या चामडी सरंजामाचेच महत्त्व अधिक. विहिरीवरची मोट, तिची सोंड, आसूड, वाद्या, ही त्याची मुख्य कामे. त्यांच्या मोबदल्यात सुगीच्या वेळी खळ्यावर त्याला धान्याचा वाटा मिळे. पाटीलकीच्या वतनी हक्कांत चांभाराकडून वर्षास पायपोसांचा जोड घेण्याचा हक्क असे, म्हणजे जो जोडा इतरांच्या दृष्टीने व्यवहार होता, तो पाटलाच्या बाबतीत दस्तूर होता. उलट ज्यांच्या हातांनी कातडे ओढले, कमावले आणि शिवले, त्या अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसाने वरच्या आळीतून जाताना पायातील वहाणा काढून हातात घ्याव्यात, अशी रूढी अनेक गावांत होती. स्त्रियांचीही स्थिती या बाबतीत फार निराळी नव्हती. एकोणिसाव्या शतकात पांढरपेशा घरातील बाई पायात जोडा घालून आणि डोक्यावर छत्री धरून रस्त्याने निघाली, तर तो सुधारकी आगाऊपणा समजून लोक तिची टर उडवीत. काट्याला जात समजत नाही, पण वहाणेला समजत होती.

इंग्रजी अंमल आल्यावर या उंबरठ्याच्या नियमाला एक विलक्षण वळण लागले. बादशाही आणि पेशवाई दरबाराच्या रिवाजाप्रमाणे जोडे बाहेर काढून आत जाणे हे आदराचे चिन्ह होते. साहेबाने तो रिवाज आपल्या कचेरीसाठी हौसेने उचलला, पण स्वतःच्या बुटांना तो लागू केला नाही. पुढे इंग्रजी शिकलेले एतद्देशीय गृहस्थ बूट आणि मोजे घालू लागले, तेव्हा त्यांचे काय करावे हा पेच पडला, आणि १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने असा ठराव केला की, युरोपीय तऱ्हेचे बूट घालणाऱ्यांस समारंभप्रसंगी ते न काढण्याची मुभा असावी. देशी जोडा मात्र बाहेरच. १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढण्यास नकार दिला म्हणून त्यांना बाहेर घालविण्यात आले, आणि त्यावरून मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांत मोठा वाद माजला. अखेर १८६८ मध्ये ही मुभा न्यायालये व इतर सरकारी स्थानांनाही लागू करण्यात आली. सरकारचा युक्तिवाद वरवर पाहता सोयीचा होता: नाडीने बांधलेला बूट काढणे त्रासाचे, देशी जोडा पटकन सुटतो. जो गुण कुंडलच्या शेतकऱ्याला बांधावर उपयोगी पडे, तोच गुण कचेरीच्या दारात त्याच्या कमीपणाचे कारण ठरविला गेला. माझ्या मते या धंद्याच्या इतिहासातील हा सर्वांत बोलका कागद आहे, आणि तो कोणा चर्मकाराच्या दप्तरात सापडत नाही, कलकत्त्याच्या फायलींत सापडतो.

त्याच सुरतेत पंचेचाळीस वर्षांनी, १९०७ च्या डिसेंबरात, काँग्रेसच्या अधिवेशनात टिळक व्यासपीठावर उभे असताना सभेतून एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. तेथे हजर असलेल्या हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज वार्ताहराने पुढे आपल्या पुस्तकात तो मराठी जोडा होता अशी नोंद करून त्याच्या तांबूस चामड्याचे आणि टोकदार चवड्याचे वर्णनही देऊन ठेवले आहे. कोणी फेकला, कोणावर फेकला, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्यात एवढेच लक्षणीय वाटते की, ज्या वस्तूला साहेबाच्या दरबारात प्रवेश नव्हता, तिने राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर प्रवेश केला तो असा.

आता पुन्हा कुंडलकडे येऊ. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत कुंडल हे औंधच्या पंतप्रतिनिधींच्या मुलखात होते. राजधानी दूर खटावकडे, आणि हा तुकडा इकडे कृष्णेच्या खोऱ्यात, चोहोंकडून इंग्रजी सातारा जिल्ह्याच्या आणि इतर संस्थानांच्या मुलखाने वेढलेला. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये आपल्या हद्दीत कारखान्यासाठी जागा दिली, ती म्हणजे कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ होता. तेथे वसलेल्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर निघू लागले आणि पुढे १९२० च्या दशकात पाण्याचे पंपही. या पंपाचा आणि वहाणेचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, गावच्या चांभाराचे पोट वहाणेवर कधीच नव्हते. ते मोटेवर होते. एका मोटेला लागणारे कातडे, तिची वरचेवर होणारी झीज, सोंड फाटली की ती शिवण्यासाठी ऐन पाण्याच्या दिवसांत येणारा बोलावा, यांवर त्याचे बलुते उभे होते. विहिरीवर एंजिन बसले, पंप आला, पुढे वीज आली आणि मोट थांबली. तिच्याबरोबर खळ्यावरचा वाटाही थांबला. कुंडलच्या शिवेवरच उभ्या राहिलेल्या कारखान्याने शेतकऱ्याची पाण्याची विवंचना दूर केली हे खरेच, परंतु त्याच कारखान्याच्या मालाने चामड्याच्या धंद्यातील सर्वांत मोठे काम नाहीसे केले, हेही तितकेच खरे. त्याच सुमारास, १९२७ साली महाडला, डॉ. आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडून देण्याचा उपदेश आपल्या बांधवांस केला; ज्या गावांत तो मानला गेला, तेथे कातडे मिळण्याची जुनी साखळीही तुटली. ती तुटली याचे मला दुःख नाही. ज्या साखळीचे पहिले कडे माणसाच्या अवमानाचे होते, तिच्या आधाराने एखादी कला टिकत असेल तर त्या कलेने दुसरा आधार शोधावा हेच योग्य.

दुसरा आधार मिळाला तो शहराचा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी चर्मोद्योगाला जे उत्तेजन दिले, त्याने आणि पुढे मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांनी गावच्या राकट पायताणाला नवे रूप आले. तळ पातळ झाला, कान लहान झाले, स्त्रियांसाठी हलके घाट निघाले, आणि अथणी, निपाणी, सातारा, सांगली कोठेही घडलेला माल कोल्हापुरी या एका नावाने विकला जाऊ लागला. हे नाव बाजाराने दिलेले आहे; धंदा सबंध खोऱ्याचा आहे.

कुंडलचा तळव्याशी आणखी एक संबंध आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४३ पासून साताऱ्यात येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार चालले, त्याच्या तुफान सेनेचे केंद्र कुंडल होते, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड हे याच गावचे. संस्थानी हद्दीत इंग्रजी पोलिसांना मुक्त संचार करता येत नसे, ही औंधच्या अंमलाची सोय या मंडळींना फार उपयोगी पडली, आणि ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रोकड घेऊन जाणारी आगगाडी अडविण्यात आली, ती याच सेनेची कामगिरी. या सरकारची न्यायमंडळे होती; दरोडेखोर, जुलमी सावकार आणि पोलिसांचे खबरे यांना ती शिक्षा देत, आणि कठोर शिक्षांत एक होती ती तळव्यांवर काठीचे फटके मारण्याची. लोकांनी प्रतिसरकारला पत्री सरकार म्हटले ते या शिक्षेवरून असे सांगतात. गुन्हेगाराच्या पायांना घोड्यासारखे पत्रे ठोकले जातात, अशी वदंताही दूरवर पसरली होती. तिला आधार नव्हता, पण तिने केलेला दरारा मात्र खराच होता. या शिक्षेची क्रूरता मी झाकून ठेवू इच्छीत नाही. तथापि शिक्षेसाठी तळवाच निवडला जावा, याचा अर्थ पायी चालणाऱ्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही: ज्याचा तळवा सुजला, त्याला पुष्कळ दिवस गावात हिंडता येत नाही, खबर पोहोचविता येत नाही आणि आपली गोष्ट झाकताही येत नाही. आणि ज्यांनी ही शिक्षा दिली, ते स्वतः रात्री-अपरात्री पोलिसांना चुकवीत डोंगरवाटांनी मैलोगणती चालणारे होते. करकरणारी वहाण त्यांच्या कामाची नव्हती.

स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याची नावे बदलली. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कुंडलच्या शिवारात ऊस आला आणि पुढे बापूंच्या क्रांती साखर कारखान्याची चिमणीही उभी राहिली. पायांत मात्र चामड्याची पीछेहाट झाली. प्रथम मोटारीच्या जुन्या टायरच्या चपला आल्या, ज्यांच्या टिकाऊपणाची खेड्यात आजही वाखाणणी होते, मग रबर, मग प्लास्टिक. पाण्याच्या शेतीत चामडे भिजून फुगते, रबर भिजत नाही. शेतकऱ्याची निवड चुकली असे मला म्हणवत नाही. १९७४ साली राज्य सरकारने चर्मोद्योगाचे महामंडळ काढले, जे आज संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते; त्याने कर्जे दिली, प्रदर्शने भरविली; २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर बैलाचे कातडे दुर्मीळ होऊन म्हशीच्या कातड्यावर व बाहेरून येणाऱ्या मालावर कारागिरांना अधिकाधिक विसंबावे लागले. मग २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन जाहीर झाले. आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात प्रादा या इटालियन पेढीने पुरुषांच्या वेशांच्या प्रदर्शनात तिच्यासारखीच चप्पल मूळ गाव न सांगता मांडली, त्यावर महाराष्ट्रात ओरड झाली, आणि पेढीला तिच्यामागील भारतीय हस्तकलेचे ऋण कबूल करावे लागले. सपाट तळाच्या जोड्यासाठी युरोपाला दोन शतकांपूर्वी आपल्या टाचा टाकाव्या लागल्या होत्या. या वेळी त्याने तयार तळच उचलला.

मानांकनाच्या त्या नोंदीत महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे आहेत, आणि कर्नाटकातील बेळगाव, विजापूर, बागलकोट व धारवाड हे चार. ज्या दोन राज्यांचे सीमेच्या एकेका गावावरून पिढ्यान्‌पिढ्या जमले नाही, ज्यांचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यांच्या दोन महामंडळांचे एका चपलेच्या बाबतीत मात्र जमले, आणि तिच्या नावाचा हक्क दोघांनी मिळून घेतला. अर्जात तशी आठ जिल्ह्यांची यादी करणे सरकारला भागच होते. अथणीचा तळ, निपाणीची वेणी आणि कोल्हापूरचे दुकान असा ज्यांचा व्यवहार मुंबई इलाख्याच्या काळापासून चालत आला होता, त्या कारागिरांना ती सीमा धंद्यात कधी आढळलीच नव्हती.